प्रयोगशाळेतील उंदीर आणि घरातील नातू
स्वमग्नतेवर कॅनाबिडिऑल : आशा कितपत, सावधगिरी कुठे?

आपल्या घरात स्वमग्न मूल असेल, तर पुढील प्रसंग आपल्याला परका वाटणार नाही. दुपारची वामकुक्षी आटोपून आपण मोबाइल हाती घेता आणि एखाद्या स्नेह्याने पाठविलेला संदेश समोर येतो : ‘स्वमग्नतेवर औषध सापडले. भांगेच्या झाडापासून काढलेल्या तेलाने उंदीर बरे झाले.’ खाली त्याच तेलाच्या बाटलीचे चित्र, किंमत आणि मागणी नोंदविण्याचा क्रमांक. नातू नऊ वर्षांचा झाला आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो, रात्री दोन वाजता उठून घरभर फिरतो, आणि त्याच्यामागे जागणारी सून सकाळी आठला कामावर निघते. आपण तो संदेश पुसून टाकत नाही, पुन्हा एकदा वाचता. आपल्यामागे या मुलाचे कसे होईल, हा प्रश्न ज्यांच्या मनात रोज असतो, त्यांना असा संदेश सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

संदेशातील बातमी सर्वस्वी खोटी नसते, आणि अडचण तिथेच आहे. उंदरांवर असे प्रयोग खरोखरच झाले आहेत, नामांकित विद्यापीठांत झाले आहेत, आणि त्यांतून काही लक्षणीय गोष्टी हाती आल्या आहेत. मात्र प्रयोगात जे दिसले ते आणि बाटलीवर जे लिहिले आहे ते, या दोहोंमध्ये मोठे अंतर आहे. ते अंतर किती आणि कसे, हे आपणांस स्वतःला पारखता यावे, एवढ्यासाठी हा लेख.

हे द्रव्य कोणते?

भांगेच्या वनस्पतीत शंभराहून अधिक विशिष्ट रासायनिक द्रव्ये असतात. त्यांतील दोन प्रमुख. पहिले टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्याला संक्षेपाने टीएचसी म्हणतात. गांजा वा भांग घेतल्यावर जी नशा येते, ती मुख्यतः याच्यामुळे. दुसरे कॅनाबिडिऑल, म्हणजेच सीबीडी. याने नशा येत नाही. अमेरिकेतील रॉजर ॲडम्स या रसायनशास्त्रज्ञाने १९४० मध्ये ते वेगळे काढले. इस्राएलमधील राफाएल मेशुलाम यांनी १९६३ मध्ये त्याची नेमकी रचना उलगडून दाखविली आणि पुढच्याच वर्षी टीएचसीही शुद्ध स्वरूपात मिळविले.

हा भेद मनात पक्का ठेवावा. होळीला वा शिवरात्रीला घोटली जाणारी भांग आणि शुद्ध कॅनाबिडिऑल या एक वस्तू नव्हेत. ‘भांग तर आपल्याकडे पूर्वापार घेतात, आयुर्वेदातही विजया सांगितली आहे, मग मुलाला थोडी दिली तर काय बिघडले?’ असा युक्तिवाद कानी आला, तर त्याला बळी पडू नये. भांगेत टीएचसी असते, आणि वाढत्या वयाच्या मेंदूवर त्याचा परिणाम अनिष्ट होऊ शकतो. प्रयोगांत वापरले जाते ते बहुधा मोजून-मापून शुद्ध केलेले द्रव्य.

अपस्मारातून स्वमग्नतेकडे

कॅनाबिडिऑलचा वैद्यकीय प्रवास स्वमग्नतेपासून सुरू झाला नाही. तो सुरू झाला अपस्मारापासून, म्हणजे ज्याला आपण फिट किंवा आकडी म्हणतो त्या विकारापासून. १९८० मध्ये ब्राझीलमधील काही डॉक्टरांनी, मेशुलाम यांच्या सहकार्याने, इतर औषधांना न जुमानणाऱ्या अपस्माराच्या मोजक्या रुग्णांना हे द्रव्य देऊन पाहिले. आठ जणांपैकी चौघांच्या आकड्या जवळजवळ थांबल्या. रुग्णसंख्या फारच लहान असल्याने त्या निष्कर्षाकडे पुढे अनेक वर्षे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

२०१३ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातल्या एका लहान मुलीची कहाणी दूरचित्रवाणीवरून जगभर पोहोचली. तिला ड्राव्हे सिंड्रोम हा दुर्मीळ व उग्र अपस्मार होता, आणि कॅनाबिडिऑलचे प्रमाण अधिक असलेल्या वनस्पतीच्या तेलाने तिच्या आकड्या कमी झाल्या होत्या. त्यानंतर रीतसर चाचण्या सुरू झाल्या. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ड्राव्हे सिंड्रोमची १२० मुले व तरुण सहभागी होते. ज्यांना कॅनाबिडिऑल दिले, त्यांच्या मोठ्या आकड्यांचे महिन्याचे मध्यम प्रमाण १२.४ वरून ५.९ वर आले. ज्यांना औषध नसलेले, केवळ तसेच दिसणारे द्रावण दिले, त्यांच्यात ते १४.९ वरून १४.१ इतकेच उतरले. जून २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एपिडिओलेक्स या नावाने शुद्ध कॅनाबिडिऑलला मान्यता दिली. ही मान्यता विशिष्ट प्रकारच्या अपस्मारापुरती आहे, हे ध्यानात असू द्यावे. स्वमग्नतेसाठी ती नाही.

मग स्वमग्नतेचा संबंध कुठे आला? ड्राव्हे सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांमध्ये स्वमग्नतेची लक्षणेही आढळतात : नजरेला नजर न देणे, इतरांत न मिसळणे, तीच तीच कृती पुन्हा पुन्हा करणे. एका विकारावर उपयोगी पडणारे औषध दुसऱ्याही लक्षणांना हात लावते काय, हा प्रश्न संशोधकांना पडणे स्वाभाविक होते. त्याचे उत्तर शोधण्यासाठी ते उंदरांकडे वळले.

प्रयोगात काय घडले?

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत असे उंदीर तयार केले गेले होते, ज्यांच्या एका जनुकात ड्राव्हे सिंड्रोमच्या रुग्णांसारखाच दोष होता. या जनुकामुळे मेंदूतील चेतापेशींना विद्युतसंदेश वाहून नेता येतो. दोष असला की त्याचा सर्वाधिक फटका बसतो तो इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींना. गर्दीच्या चौकातला वाहतूक पोलीस दिसेनासा झाला तर जे होईल, तसेच काहीसे मेंदूत घडते. संदेशांची गर्दी उसळते. त्यातून आकड्या येतात, आणि संशोधकांच्या मते सामाजिक वर्तनही बिघडते. २०१२ मध्ये याच प्रयोगशाळेने दाखविले होते की, आवर घालणाऱ्या संदेशांना बळ देणारे क्लोनाझेपाम हे परिचित औषध अगदी अल्प मात्रेत दिले, तर या उंदरांचे इतरांशी वागणे सुधारते.

२०१७ मध्ये याच विद्यापीठातील संशोधकांनी या उंदरांना कॅनाबिडिऑल दिले. आकड्यांची तीव्रता व कालावधी कमी झाला. अनोळखी उंदराला टाळण्याची त्यांची वृत्तीही सौम्य झाली. मेंदूच्या पेशी तपासल्या असता आवर घालणाऱ्या संदेशांना पुन्हा बळ आल्याचे आढळले, आणि हे कोणत्या ग्राहीद्वारे घडत असावे याचाही धागा मिळाला.

या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा तपशील मात्र बातम्यांत बहुधा येत नाही. आकड्या आवरण्यासाठी लागली ती मात्रा होती वजनाच्या दर किलोमागे सुमारे १०० मिलिग्रॅम. सामाजिक वर्तन सुधारले ते दर किलोमागे १० ते २० मिलिग्रॅम एवढ्या लहान मात्रेत. मात्रा वाढविली तेव्हा वर्तनातील हा लाभ नाहीसा झाला. म्हणजे एकाच उंदरात, एकाच औषधाची एक मात्रा एका लक्षणावर चालते, तर दुसऱ्यावर चालत नाही. ‘थोड्याने थोडा गुण आला, तर अधिकाने अधिक येईल’ हा आपला घरगुती हिशेब इथे सपशेल चुकतो. बाटलीवर ‘सकाळ-संध्याकाळ पाच थेंब, गुण न आल्यास दहा’ असे लिहिणाऱ्याला हे ठाऊक असते काय, असा प्रश्न आपण अवश्य विचारावा.

त्यात आणखी एक गोष्ट. उंदराची मात्रा किलोच्या हिशेबाने माणसाला लावता येत नाही. उंदराचे शरीर औषध फार वेगाने संपविते; म्हणून माणसावरील पहिल्या चाचणीची सुरक्षित मात्रा ठरविताना उंदराची दर किलोमागील मात्रा साधारण बाराने भागण्याची पद्धत आहे. तोही केवळ सुरुवातीचा अंदाज. तीस किलोच्या नातवासाठी साधा गुणाकार करणाऱ्याचा हिशेब कितीतरी पटींनी चुकेल.

उंदीर काय सांगू शकतो?

उंदराला स्वमग्नता होते का? खरे तर नाही. स्वमग्नतेचे निदान मुलाच्या बोलण्यावरून, खेळण्यावरून, माणसांशी असलेल्या नात्यावरून होते. उंदराला भाषा नाही, आणि कल्पनेतला खेळ नाही. म्हणून संशोधक जवळपासची लक्षणे शोधतात.

त्यासाठीची एक प्रचलित कसोटी अशी : तीन कप्प्यांची एक पेटी घेतात. मधल्या कप्प्यात उंदीर सोडतात. एका बाजूच्या कप्प्यात जाळीखाली अनोळखी उंदीर असतो, दुसऱ्या बाजूला रिकामी जाळी. निरोगी उंदीर सहसा सोबत्याकडे अधिक वेळ घालवितो. ज्याला दोन्ही सारखेच, त्याचे सामाजिक वर्तन उणे मानले जाते. दुसरी कसोटी अंग चाटण्याची. उंदीर स्वच्छतेसाठी अंग चाटतोच, पण काही उंदीर ते इतके करतात की कातडीला जखमा होतात. याला पुनरावृत्तीच्या कृतीचे प्रतिरूप धरतात.

आपला नातू हातांची फडफड करतो, पंख्याकडे तासन्‌तास पाहतो, तेव्हा त्यात कधी आनंद असतो, कधी भीती, कधी गोंगाटापासून स्वतःला सावरण्याचा प्रयत्न. अंग चाटणाऱ्या उंदराच्या मनात काय चालले आहे, हे कसोटीला कळत नाही. पेटीतील वेळ मोजता येतो; आपले मूल आजीचा हात धरून बागेत जाईल की नाही, याचे उत्तर त्या घड्याळात नसते.

एक भेद याहून मोठा. प्रयोगातील सर्व उंदीर एकाच वाणाचे, एकाच जनुकदोषाचे, एकाच आहारावर वाढलेले असतात. स्वमग्न मुले मात्र एकमेकांसारखी नसतात. काहींमध्ये एखादा ठळक जनुकदोष सापडतो, अनेकांमध्ये सापडत नाही. त्यामुळे ड्राव्हेच्या उंदरावर दिसलेला गुण ज्याला कधी आकडी आलीच नाही अशा मुलालाही येईल, असे मानण्यास आधार नाही.

याचा एक नमुना २०२१ मधील. तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी शँक३ या वेगळ्या जनुकात दोष असलेल्या उंदरांना कॅनाबिडिऑलचे प्रमाण अधिक असलेले तेल दिले. अंग चाटण्याचे प्रमाण पुष्कळ घटले. परंतु अधिक तपास करता, तेलातील अल्पशा टीएचसीचाही त्यात वाटा असल्याचे दिसून आले. म्हणजे ‘भांगेचे तेल’ या एका नावाखाली काय काय काम करते, हे प्रयोगशाळेतही सहज सुटत नाही.

यावरून प्राण्यांवरील प्रयोग निरर्थक आहेत, असा निष्कर्ष मात्र काढू नये. त्याच उंदरांनी आवर घालणाऱ्या चेतापेशींचे महत्त्व उघड केले आणि पुढील चाचण्यांना दिशा दिली. उंदीर हा वाटाड्या आहे. त्याने दाखविलेली वाट माणसाला चालवेल का, हे पुढे जाऊनच पाहावे लागते.

माणसांवरील चाचण्यांत काय दिसले?

जेरुसलेममधील संशोधकांनी ५ ते २१ वर्षे वयाच्या १५० स्वमग्न मुलांवर व तरुणांवर केलेली चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना वनस्पतीचा संपूर्ण अर्क, काहींना शुद्ध द्रव्ये, तर काहींना औषध नसलेले तेल दिले गेले. अर्कात वीस भाग कॅनाबिडिऑलला एक भाग टीएचसी होते. कोणाला काय मिळाले, हे पालकांनाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. एका प्रमुख मोजमापात औषध आणि निरौषध तेल यांत फरक सिद्ध झाला नाही. उपद्रवी वर्तनाच्या एका मोजमापात मात्र अर्क घेणाऱ्यांपैकी ४९ टक्क्यांना ठळक सुधारणा दिसली, निरौषध तेल घेणाऱ्यांपैकी २१ टक्क्यांना. दिवसा पेंग येणे आणि भूक मंदावणे हे दुष्परिणाम औषध घेणाऱ्यांत अधिक होते.

या २१ टक्क्यांकडे आपण नीट पाहावे. साधारण पाच मुलांपैकी एकाला कोणतेही औषध नसलेल्या तेलाने ‘खूप फरक’ पडला. यात कुणी लबाडी केली नाही. औषध सुरू केले की घरातील माणसे आशेने पाहू लागतात, अधिक शांतपणे वागतात, चांगल्या दिवसांची नोंद घेतात. आणि मुलाचे बरे-वाईट दिवस तर येत-जातच असतात. म्हणून शेजारच्या घरी ‘गुण आला’ हे सांगणारी माणसे प्रामाणिक असूनही तो पुरावा ठरत नाही.

फ्रॅजाइल एक्स या जनुकीय विकारात स्वमग्नतेची लक्षणे वारंवार आढळतात. तिथे कॅनाबिडिऑलचे त्वचेवर लावायचे मलम तपासले गेले. २०२० मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत ते प्रमुख कसोटीला उतरले नाही.

अशी निराशा केवळ याच द्रव्याच्या वाट्याला आली असेही नाही. ब्युमेटानाइड या लघवी वाढविणाऱ्या जुन्या औषधाने उंदरांत व घुशींच्या जातीच्या प्राण्यांत आशा निर्माण केली होती; २०२१ मध्ये त्याच्या मोठ्या चाचण्या उपयोग न दिसल्याने थांबविण्यात आल्या. नाकात फवारायच्या ऑक्सिटोसिन संप्रेरकाविषयीही फार बोलले गेले. त्याच वर्षी २९० मुलांवरील चाचणीत ते निरौषध फवाऱ्याहून सरस ठरले नाही. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर आजही कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. जी काही औषधे दिली जातात, उदाहरणार्थ रिस्पेरिडोन किंवा ॲरिपिप्रॅझोल, ती तीव्र चिडचिड वा आक्रमकता यांसारख्या त्रासांसाठी असतात, आणि तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली.

‘नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?’

हे वाक्य आपल्या घरांत फार प्रेमाने उच्चारले जाते. पण औषध म्हणून जे काम करते, ते अपायही करू शकते. कॅनाबिडिऑलमुळे यकृतावर ताण येऊ शकतो; अपस्मारासाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या मुलांत हा धोका वाढतो. क्लोबाझाम सुरू असेल, तर त्याचे रक्तातील क्रियाशील रूप वाढून मूल गुंगीत राहू शकते. स्वमग्न मुलांपैकी काहींना अपस्मारही असतो आणि हीच औषधे चालू असतात, हे विसरू नये.

ज्येष्ठ वाचकांनी स्वतःपुरतीही एक खूणगाठ बांधावी. नातवासाठी आणलेली बाटली ‘गुडघेदुखीवरही चालते’ म्हणून आजोबा घेऊ लागतात, असे घडू शकते. कॅनाबिडिऑल यकृतातील त्या विकरांना अडथळा करते, जे अनेक औषधांचे शरीरातून विघटन करतात. रक्त पातळ ठेवणारे वॉरफेरिन घेणाऱ्यांत त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. झोपेच्या गोळ्यांबरोबर घेतल्यास गुंगी वाढते, तोल जातो, आणि या वयात पडणे म्हणजे काय हे आपणांस सांगायला नको.

बाटलीत नेमके काय आहे, हाही प्रश्न उरतोच. २०१७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या ८४ कॅनाबिडिऑल उत्पादनांची तपासणी केली. लेबलावरील प्रमाण खरे निघाले ते केवळ २६ उत्पादनांत. १८ उत्पादनांत नशा आणणारे टीएचसी सापडले.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांवर बंदी आहे. झाडाची निव्वळ पाने गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे विजया या नावाने आयुर्वेदिक परवान्याखाली तेले विकली जातात. असा परवाना म्हणजे ते तेल स्वमग्नतेवर गुणकारी असल्याचा दाखला नव्हे. दोन्ही गोष्टींची गल्लत विक्रेता करील. आपण करू नये.

पुढची बातमी येईल तेव्हा

अशा बातम्या येतच राहणार. एखादी बातमी हाती आली की पुढील पाच प्रश्न वहीत लिहून घ्यावेत आणि क्रमाने विचारावेत.

१. प्रयोग कुणावर झाला? पेशींवर, उंदरांवर की मुलांवर?

२. मुलांवर झाला असल्यास किती मुलांवर, आणि निरौषध तुलना होती काय?

३. नेमके काय सुधारले? आकड्या, झोप, चिडचिड की संवाद? आपल्या मुलाची अडचण तीच आहे काय?

४. कोणते द्रव्य, किती शुद्ध, किती मात्रेत? विकत मिळणारी वस्तू तीच आहे काय?

५. बातमी सांगणाराच वस्तू विकतो आहे काय?

उत्तरे घेऊन बालमेंदूविकारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे जावे. तेल आधीच सुरू केले असेल, तर ते लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने लपविलेली गोष्ट मुलाला सर्वाधिक महागात पडते. आणि कुणाच्या सांगण्यावरून अपस्माराचे चालू औषध एकाएकी बंद करू नये. त्याने आकड्या उसळून जिवावर बेतू शकते.

आज आपल्या हाती काय आहे?

उंदरांवरील संशोधन पुढे सरकेल तेव्हा सरकेल. तोवर आपण हात बांधून बसावे लागत नाही, आणि याचा एक दाखला आपल्या शेजारचाच आहे. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून ६५ स्वमग्न मुलांच्या कुटुंबांसह झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात कोणतेही औषध नव्हते. प्रशिक्षण दिलेल्या, पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांनी आईवडिलांना मुलाशी खेळतानाचे त्यांचे स्वतःचेच चित्रीकरण दाखविले. मूल कुठे पाहते, कधी हात पुढे करते, कोणत्या क्षणी काहीतरी सांगू पाहते, हे ओळखायला आणि त्याच्या मागोमाग जायला शिकविले. सहा महिन्यांत बारा बैठका. पालकांचा प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागला आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सर्वच मोजमापे सुधारली असे नाही, पण मोठे रुग्णालय हाताशी नसतानाही घरातील माणसे काय करू शकतात, हे त्यातून दिसले.

यात आजी-आजोबांपाशी एक भांडवल असते, जे नोकरी करणाऱ्या आईवडिलांपाशी क्वचितच उरते : वेळ. मुलाला आपल्या खेळात ओढण्याऐवजी त्याच्या खेळात आपण शिरावे. तो डबे ओळीने लावत असेल, तर शेजारी बसून एक डबा त्याच्या हाती द्यावा आणि थांबावे. बोलावे ते थोडक्या, स्पष्ट शब्दांत. उत्तरासाठी मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. तो आपल्याकडे एक क्षण पाहील, तोच त्याचा संवाद मानावा.

चिडचिड वा रात्रीचे जागरण एकाएकी वाढले, तर नव्या तेलाचा शोध घेण्याआधी शरीराकडे पाहावे. दात दुखतो काय? पोट साफ होते काय? कान दुखतो काय? बोलू न शकणारे मूल दुखणे वर्तनातून सांगते, आणि ते ओळखणारे अनुभवी डोळे घरात आपलेच असतात.

शासकीय आधारही मागून घ्यावा. जिल्हा रुग्णालयांशी निगडित शीघ्र निदान व उपचार केंद्रांत लहान मुलांची तपासणी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. त्यामुळे प्रमाणपत्र व त्यावरील सवलती मिळू शकतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यविमा संरक्षण आहे. ‘आपल्यामागे याचे कसे?’ या प्रश्नाचे एक उत्तर कायदेशीर पालकत्वाच्या तरतुदीत आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार सज्ञान झालेल्या स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमता येतो. याची चौकशी आपल्या हयातीत, मुलगा-सुनेला शेजारी बसवून करावी.

आणि त्या सुनेला आठवड्यातून एक रात्र तरी पुरती झोप मिळेल, अशी व्यवस्था घरात करावी. नातवाच्या खोलीबाहेर त्या रात्री आपली खुर्ची असू द्यावी. तेलाच्या बाटलीचे पैसे वाचले असतील, तर ते एखाद्या चांगल्या वाचा-उपचारतज्ज्ञाकडील बैठकीसाठी ठेवावेत. उद्या माणसांवरील चाचण्यांतून कॅनाबिडिऑलविषयी काही ठोस हाती आलेच, तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, मोजक्या मात्रेत, कोणत्या मुलाला उपयोगी हे सांगत आपल्यापर्यंत येईल. तोवर तो संदेश पुढे धाडू नये. ज्याने पाठविला, त्याला मात्र दूरध्वनी करून नातवाची खुशाली अवश्य सांगावी. त्यानेही तो काळजीपोटीच पाठविलेला असतो.